पुलाच्या तोंडाशी छोटी गाडी

रस्त्याकडेच्या क्रॅश बॅरिअरचा पत्रा मुळात वाकण्यासाठीच असतो. गाडी आदळली की खांब मातीत कलतात, पत्रा मागे सरकतो आणि गाडी वळून रस्त्याला समांतर होते. पुलाचा काँक्रीटचा कठडा मात्र जागचा हलत नाही. हे दोघं जिथे भेटतात तिथे खरी गोची. पत्र्याला मागे रेटत आलेल्या गाडीला अचानक समोर काँक्रीटची उभी कड भेटते. अमेरिकेत मी ज्या टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी करतो, तिथे आमचा बराचसा वेळ या काही मीटरांवर जातो.

उपाय माहितीचा आहे: पुलाकडे जाता जाता बॅरिअर ताठ करत न्यायचा. खांबांमधलं अंतर १९०५ मिलिमीटरवरून आधी निम्मं, मग पाव. दोन लाटांचा (पन्हळींचा) पत्रा तीन लाटांचा होतो आणि कठड्यापाशी तोही दुहेरी लावतात. मग २००९ साली आलेल्या ‘मॅश’ या अमेरिकी चाचणी-नियमावलीप्रमाणे त्यावर गाड्या आदळायच्या. एकदा २२७० किलोचा पिकअप, एकदा ११०० किलोची छोटी कार. दोन्ही ताशी १०० किलोमीटरने, २५ अंशांच्या कोनात.

अशाच एका चाचणीच्या वेळी आराखड्यात एक भर होती. पावसाचं पाणी पुलाकडून नीट वाहून जावं म्हणून पत्र्याखाली १०० मिलिमीटर उंचीचे कर्बस्टोन बसवले होते. पिकअपची चाचणी आधीच पास झाली होती. लग्न पार पडलं, आता फक्त सत्यनारायण, असा सगळ्यांचा सूर.

सकाळी एक खांब दोरखंडाने ओढून माती पुरेशी घट्ट आहे ना ते तपासलं. कारची टाकी रिकामी केली, अंगावर काळ्या-पांढऱ्या खुणा चिकटवल्या. गाडीत माणूस नसतो. पुलीवरून आणलेल्या केबलने तिला खेचतात. खेचणारा ट्रक ५०ने पळतो तेव्हा ही १००ने येते. बघणाऱ्याला ट्रक चुकीच्या दिशेने पळतोय असंच वाटतं. दर पाहुणा तेच विचारतो.

धडकेचा आवाज ओळखीचा असतो, एक लांबलचक खरडल्याचा. या वेळी तो मधेच तुटला. धूळ बसली तेव्हा पत्रा दोन तुकड्यांत उघडा पडला होता आणि कार फाटलेल्या जागेत अडकून आडवी फिरली होती. पत्र्याचे दोन तुकडे जिथे जोडतात, त्या जोडाला आठ बोल्ट असतात. खालच्या ओळीच्या भोकांतून चीर सुरू होऊन वरपर्यंत गेली होती, कडा करवतीसारख्या. बोल्ट मात्र एकूण एक शाबूत! आमच्या म्हाताऱ्या टेक्निशियनने वाकून त्या कडेवरून हातमोजा फिरवला, म्हणाला, “बोल्टला दोष देऊ नका, पत्रा बघा.” पत्र्याची जाडी पावणेतीन मिलिमीटरसुद्धा नाही.

हाय-स्पीड व्हिडिओत सगळं दिसलं. पिकअपचं नाक उंच, ते पत्र्यावर सरळ टेकतं. छोट्या कारचं नाक ठेंगणं. दोन लाटांच्या पत्र्याखाली जमिनीपासून साधारण ४७५ मिलिमीटर मोकळं असतं, त्यात ते घुसलं. पुढे पत्रा तीन लाटांचा होतो म्हणजे त्याची खालची कड उतरत खाली येते. नाक त्या उतरत्या कडेखाली पाचरीसारखं रुतलं. त्यात चाक कर्बस्टोनवर चढल्याने गाडी वर उचलली गेली. सगळा ताण खालच्या कडेवर आला आणि जोड फाटला. म्हणजे कठड्यापासून बरंच अलीकडे, जिथे आम्हाला काळजीच नव्हती, तिथे.

मला यात आश्चर्य एवढंच वाटतं, की जड गाडी पेलली म्हणजे हलकी पेलणारच, हा समज इतका पक्का कसा बसतो? ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली आणि मागे पट्ट्याविना बसलेले ते गेले, तेव्हा मला घरून फोन आले ते मागच्या सीटवर पट्टा बांधतोस ना, म्हणून. पट्टा बांधायलाच हवा, वादच नाही. पण मी फोटोत बघत होतो तो कठडा. आपल्याकडे कित्येक पुलांवर पत्रा कठड्याच्या अलीकडेच संपतो, नाहीतर नुसता शेजारी उभा असतो, त्याला जोडलेलाच नसतो. भारतात इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ११९ ही बॅरिअरची मार्गदर्शक सूत्रं २०१५पासून आहेत. कागद आहे, बोल्ट नाही.

आमच्याकडे दुरुस्ती साधी निघाली. लाटा बदलतात त्या तुकड्याच्या अलीकडच्या ३.८१ मीटर लांबीवर त्याच पत्र्याचा दुसरा थर चढवला. पुन्हा तीच चाचणी, तसलीच कार. बंपर गेला, पुढचं चाक मोडलं, पण पत्रा टिकला आणि गाडी वळून बाहेर आली. ग्राहकाने लगेच विचारलं, “हा जादा पत्रा सगळीकडे लावायचा का?” कर्बस्टोन असेल तिथे लावाच, आम्ही म्हणालो, आणि तसं आराखड्यावर ठळक अक्षरात छापून दिलं.