शेजारी तळघर, इकडे तडा

सांगलीच्या गावभागातल्या एका जुन्या वाड्याची भिंत फाटली म्हणून पाहणीला बोलावणं आलं. शेजारच्या प्लॉटवर पार्किंगच्या तळघरासाठी साडेचार मीटर खोल खड्डा घेतलेला. वाड्याच्या मालकीणबाईंनी आल्या आल्या विचारलं, "साहेब, पुण्यात मंडईजवळ माझी बहीण राहते. तिच्याकडे जमिनीखालून मेट्रो गेली, भिंतीला काही झालं नाही. मग एवढ्याशा खड्ड्यानं आमची भिंत कशी फाटली?"

प्रश्न अगदी नेमका होता. पुण्यात वरची काही मीटर माती संपली की बेसॉल्ट लागतो. सिव्हिल कोर्टचं भुयारी स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, ते या कातळामुळे झेपतं. सांगलीत कृष्णेनं आणून टाकलेला गाळ. जमिनीतलं पाणी इथं वरवरच असतं आणि मातीवरचा काही भार ते तोलून धरतं. पंपानं त्याची पातळी उतरवली की तो भार मातीच्या कणांवर येतो आणि थर दबतो. अशा मऊ मातीत खड्ड्याच्या खोलीच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत जमीन खचू शकते. जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना एवढं खचणंही सोसत नाही.

तडा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर गेला होता. वर ६ मिलिमीटर रुंद, खाली केसाएवढा. वर रुंद याचा अर्थ भिंतीचं खड्ड्याकडचं टोक खाली बसतंय. आतल्या कडा स्वच्छ होत्या, धूळ नाही, कोळिष्टक नाही, चुन्याचा जुना हात नाही. तडा ताजाच होता.

पण नुसता थर दबून एवढ्या लवकर तडा जात नाही. म्हणून पंपाचं पाणी बादलीत धरून अर्धा तास ठेवलं. तळाशी बोटभर गाळ बसला. पंप पाण्याबरोबर माती ओढत होता, म्हणजे वाड्याच्या पायाखालची जमीन आतून पोकळ होत चालली होती. पाणी उपसायचा खड्डा वाड्याच्या अगदी कडेला, कसलीही गाळणी नसलेला. कारण तिथंच होतं.

अशा वेळी पंप एकदम बंद करणं धोक्याचं. पाणी चढतं, बाजू भिजून ढासळते. आधी वाड्याच्या बाजूला वाळूच्या पोत्यांचा दोन मीटर रुंद भराव रचून घेतला. मग उपसा मध्यभागी हलवला : भोकं पाडलेला ड्रम, त्याला जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, गुंडाळलेलं, भोवती बारीक खडी. पंप लहान लावला. वाड्यात तुळयांखाली टेकू दिले. तड्यावर काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवून तारीख घातली. भिंत हलली की काच तडकते. जोत्यात बोल्ट बसवून त्यांची लेव्हल, म्हणजे उंची, घेतली, तीही दूरच्या, खचण्याच्या टापूबाहेरच्या इमारतीवरच्या खुणेपासून. जवळची खूण घेतली तर खूणच खचते आणि आकडे फसवतात.

मेट्रोच्या स्थानकांभोवती हे सगळं खोदाईच्या आधी होतं. टापूतल्या इमारतींचे फोटो आणि जुन्या तड्यांची नोंद, मग भूजल, खचणं आणि झुकणं यांची मोजणी, आणि कितीवर इशारा द्यायचा, कितीवर काम थांबवायचं याच्या ठरलेल्या मर्यादा. खासगी तळघराला माती परीक्षण होतं, शेजारच्या भिंतीकडे कुणी बघतही नाही. मग तडा आधीचा की नंतरचा यावर वर्षानुवर्षं भांडण. आपल्या गाळात तर ही नोंद पुण्याच्या कातळापेक्षा जास्त गरजेची आहे. उंची मोजायचं एक ऑटो लेव्हल यंत्र, काचेच्या पट्ट्या आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या असलेले फोटो, एवढ्यात भागतं.

त्या संध्याकाळी बादलीतलं पाणी नितळ आलं. भराव मात्र एकदम काढायचा नाही. तीन मीटरचा एक टप्पा खोदायचा, शेजारचा सोडायचा, खोदलेल्या टप्प्यातली काँक्रीटची भिंत भरून ती पक्की झाल्यावरच सोडलेला टप्पा घ्यायचा. वाड्याचा तडाही लगेच बुजवू नये. लेव्हलचे आकडे स्थिर झाल्यावर चुना आणि पांढऱ्या मातीनंच भरावा. सिमेंट त्या भिंतीला धरत नाही, कडेनं पुन्हा सुटतं.