मोडलेल्या मनगटावर लेझर : माझा अनुभव

मनगटाचं हाड मोडलेला रुग्ण लेझरसाठी, म्हणजे कमी शक्तीच्या लेझर प्रकाशाच्या उपचारासाठी, आला की मी आधी प्लास्टर बघते. प्लास्टर पूर्ण असेल तर लेझरचा उपयोग नाही, कारण प्रकाश त्यातून हाडापर्यंत पोचत नाही. अस्थितज्ज्ञांनी स्लॅब (एका बाजूचं अर्धं प्लास्टर) किंवा स्प्लिंट (सोडता येणारा आधार) दिला असेल आणि तो सोडायला त्यांची लेखी परवानगी असेल, तरच मी हात घालते. हात उशीवर ठेवायचा आणि मनगट जराही वळू द्यायचं नाही. आत प्लेट-स्क्रू असले तरी चालतं.

बरेच जण आंबेहळदीचा लेप लावूनच येतात. लेपाचा थर प्रकाश अडवतो, म्हणून कातडी ओल्या कापसाने पुसून कोरडी करायची. बाम आणि तेलही राहू द्यायचं नाही. मग रुग्णाने आणि मी, दोघांनीही लेझरच्या तरंगलांबीचा प्रकाश अडवणारे चष्मे लावायचे. ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो धोक्याचा.

सगळ्यात जास्त चुका मात्रेच्या हिशोबात होतात. यंत्राची शक्ती १०० मिलिवॉट म्हणजे सेकंदाला ०.१ ज्यूल ऊर्जा. मी एका बिंदूला ४ ज्यूल देते, म्हणजे ४० सेकंद. मोडलेल्या रेषेभोवती ६ बिंदू घेतले की ४ मिनिटं होतात. यंत्र स्पंदनावर असेल आणि प्रकाश निम्माच वेळ चालू राहत असेल, तर तेवढ्याच मात्रेला ८० सेकंद लागतात. हे विसरलं की रुग्णाला निम्मीच मात्रा मिळते. उलट, दुप्पट दिल्याने हाड लवकर जुळेल असंही नाही; मात्रा फार वाढली तर परिणाम उलट घटतो. प्रोब, म्हणजे यंत्राचं प्रकाश सोडणारं टोक, कातडीला काटकोनात, टेकवून धरायचा. तिरका धरला तर बराच प्रकाश परावर्तित होतो.

मनगटाचं हाड कातडीच्या जवळ असतं, म्हणून तिथे प्रयत्न करायला अर्थ आहे. मांडीच्या हाडासाठी मी नाहीच म्हणते. मनगटाच्या बाबतीतही रुग्णाला स्पष्ट सांगते: प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाड भरण्याला मदत दिसली आहे, पण माणसांमधला पुरावा अजून तोकडा आहे. हाड जुळतं ते नीट बसवल्यामुळे आणि स्थिर ठेवल्यामुळे. तंबाखू, मिश्री चालू असेल तर ती बंद करणं लेझरपेक्षा जास्त मोलाचं.

कर्करोगाची गाठ असलेल्या जागी किंवा प्रकाशाने कातडीवर रिअॅक्शन येणारी औषधं चालू असताना लेझर देत नाही. आणि मोडलेल्या जागी दुखणं वाढलं, बोटं सुजली किंवा बधिर झाली, तर त्याच दिवशी लेझर थांबवून रुग्णाला अस्थितज्ज्ञांकडे परत पाठवते.