एकाच मोबाइल नंबरवरची दोन बिलं

आमच्या मेडिकलचा परवाना माझ्या नावावर आहे, भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला. तरी काउंटरशी येऊन "दादा नाहीत का?" असं विचारणारा एखादा तरी पुरुष रोज भेटतोच. दादा म्हणजे माझा दीर. शिक्षण बी.कॉम. दादा जेवायला गेलेत म्हटलं की गिऱ्हाईक पानटपरीशी जाऊन उभं राहतं. काय हवंय ते मला तेवढ्यावरूनच कळतं.

त्या दुपारी एक बाई आल्या. खाज आणि पांढरं जाणं, चार महिन्यांत तिसऱ्यांदा. रात्री आत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या, म्हणजे बुरशीवरच्या, गोळ्या मीच दोनदा दिल्या होत्या. बायका मला मोकळेपणाने सांगतात. बिल करताना म्हणाल्या, "नंबर ह्यांचाच टाका, डिस्काउंट मिळतो."

नंबर टाकला आणि स्क्रीनवर 'ह्यांची' सगळी खरेदी आली. फेब्रुवारीपासून दरमहा डापाग्लिफ्लोझिन 10, ही शुगरची नवी गोळी. मार्चपासून खाजेच्या मलमाच्या तीन ट्यूब. एप्रिलपासून मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड, म्हणजे शुगरची जुनी गोळी, बंद. आणि मे महिन्यात सिल्डेनाफिलच्या, म्हणजे व्हायग्राच्या औषधाच्या, चार गोळ्या, अर्थातच चिठ्ठीशिवाय, दादांच्या हातून.

ट्यूबांपैकी दोन मात्र माझ्या हातच्या. बाहेर उभ्या मुलाला पाठवून मागवल्या होत्या, मी दिल्या. ते मलम म्हणजे स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध यांची खिचडी. अशी स्टेरॉइडची मलमं 2018 मध्ये शेड्यूल एचमध्ये आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. देतात सगळेच. खाज दोन दिवसांत थांबते, गिऱ्हाईक खूश. खाली बुरशी मजेत वाढते.

बुरशी का, तर डापाग्लिफ्लोझिन जास्तीची साखर मूत्रपिंडावाटे बाहेर काढतं. दिवसाला 70 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचे चौदा चमचे साखर लघवीतून. शिश्नाच्या पुढच्या कातडीखाली थेंब राहिला की बुरशीला पंगतच. औषध वाईट नाही. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्याचा चांगला आधार आहे. 2020 मध्ये पेटंट संपलं, ते स्वस्त झालं आणि आमच्यासारख्या गावातही सर्रास जाऊ लागलं. एमआर, म्हणजे औषध कंपन्यांची माणसं, त्याचं गुणगान करून जातात. पण लघवीनंतर जागा धुवून कोरडी ठेवा, एवढं एक वाक्य पेशंटला कोण सांगतं? मीसुद्धा सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ते आले. एसटीचे ड्रायव्हर, पन्नाशीचे. "दादा?"

"दादा नाहीत. तुमची शुगरची जुनी गोळी का बंद केलीत?"

त्यांनी च्यवनप्राशच्या बाटल्यांकडे बघत सांगितलं की डेपोत म्हणतात, मेटफॉर्मिनने ताकद जाते. डायबेटिस अकरा वर्षांचा.

"मेटफॉर्मिनने नाही जात, साखरेने जाते. वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात." मग आवाज खाली आणून विचारलं, "तिथे लाल होतं? चिरा पडतात? कातडी मागे जात नाही?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मान हलवली. चिरांमुळे जवळ जाताना दुखायचं, म्हणून टाळायचे, आणि टाळतोय म्हणजे ताकदच गेली असं धरून बसले होते. त्रास देणारी गोळी चालू आणि बिनदोष गोळी बंद! छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी घेता का, हेही विचारलं. तिच्याबरोबर सिल्डेनाफिल घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळतो. घेत नव्हते. आमचं नशीब, दुसरं काय. दादांनी ते विचारलेलं नव्हतं.

एकही गोळी मनाने बंद करू नका म्हणून सांगितलं आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोरच फोन लावला. बायकोचं नाव काढलं नाही. तेवढंच म्हटलं की घरात दोघांनीही तपासून घ्या. हे जास्त झालं की कमी, अजून ठरत नाही. बाईंनी मला विश्वासाने सांगितलेलं मी त्यांच्याच नवऱ्यासमोर अर्धं उघडं केलं, असं रात्री वाटत राहिलं.

डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन बदललं, मेटफॉर्मिन पुन्हा सुरू केलं, बुरशीचं औषध दोघांना दिलं. कातडी बरीच आवळली होती, म्हणून सर्जनकडेही पाठवलं. ताकदीचं काय ते साखर खाली आल्यावर बघू म्हणाले.

गेल्या आठवड्यात बाई बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या. खाज थांबलीय म्हणाल्या. "पण ह्यांना नेमकं झालं काय होतं हो? विचारलं की म्हणतात, मेडिकलवाल्या दादांना सगळं माहीत आहे."