टर्मिनलमधला माझा गिट ब्राउझर, भाग ४: फिल्टर चालला, आणि पहिली त्यात मीच फसले

गिट कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवतं, त्यातली एकेक नोंद म्हणजे कमिट, आणि तो इतिहास टर्मिनलमध्ये चाळायला मी हा ब्राउझर लिहितेय. मागच्या भागात कमिटांची लिस्ट स्क्रोल होत होती, एंटर मारला की डिफ (त्या कमिटमध्ये काय बदललं ते) उघडत होता, तिथे थांबले होते. म्हटलं आता फिल्टर घालून टाकू, एका रविवारचं तर काम आहे. तीन आठवडे गेले.

आधी एक सांगते कारण माझाच यात गोंधळ होता. सर्च वेगळा, फिल्टर वेगळा. टिग नावाच्या तयार गिट ब्राउझरमध्ये स्लॅश दाबून शब्द टाकला की कर्सर पुढच्या जुळणाऱ्या कमिटवर उडी मारतो, बाकी लिस्ट जिथल्या तिथे. तसाच दुसरा प्रोग्रॅम लेझीगिट, त्याच्या कमिट पॅनलमध्येही स्लॅश म्हणजे सर्चच. आगेमागे काय चाललेलं ते दिसत राहतं म्हणून सर्च छानच, पण "या माणसाने या फोल्डरमध्ये काय काय केलंय" असं विचारायचं असेल तर एन एन एन (पुढचा, पुढचा, पुढचा) दाबत किती बसणार. टिगला उघडतानाच गिट लॉगचे (इतिहास छापणाऱ्या कमांडचे) फ्लॅग, म्हणजे पर्याय, देता येतात, ऑथर, पाथ सगळं, आणि ते एकदम झकास चालतं, पण मला टाइप करता करता लिस्ट आकसताना बघायची होती. हौस, दुसरं काय.

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच केला: सगळे कमिट मेमरीत घ्यायचे आणि प्रत्येक कीस्ट्रोकला मेसेजमध्ये शब्द शोधायचा. माझ्या स्वतःच्या रेपोवर (प्रोजेक्टच्या गिट साठ्यावर) लोण्यासारखं चाललं. मग हौसेने लिनक्स कर्नलचा रेपो उघडला, २००५ च्या एप्रिलपासूनचे १० लाखांहून जास्त कमिट, आणि तिथे पंखा विमानासारखा वाजायला लागला. शिवाय पाथवर फिल्टर करायचं तर कुठल्या कमिटने कुठली फाइल बदलली हे माझ्याकडे नव्हतंच. तेव्हा डोक्यात उजेड पडला की हे काम गिट आधीपासून करतंय, आपण कशाला मध्ये कडमडायचं. आता फिल्टर बदलला की गिट लॉग नव्या फ्लॅगसकट परत सुरू होतो आणि आउटपुट जसं येईल तसं लिस्टमध्ये पडतं. टाइप करताना २०० मिलिसेकंद थांबते, मग जुनी प्रोसेस मारते, नवी सोडते. (रस्ट भाषेत लिहिणाऱ्यांनो, चाइल्ड, म्हणजे सोडलेल्या प्रोसेसची दोरी, ड्रॉप झाला म्हणजे प्रोसेस मेली असं नसतं हां. किल करा आणि वेटही करा, नाहीतर माझ्यासारखी झॉम्बींची, म्हणजे संपूनही यादीत उरलेल्या प्रोसेसची, रांग लागते.)

गिटला काम दिलं म्हणजे गिटचे स्वभावही अंगावर आले.

पहिला झटका चौकोनी कंसाचा. एका रेपोत मेसेजच्या सुरुवातीला चौकोनी कंसात फिक्स लिहायची पद्धत आहे, मी तसंच्या तसं कंसासकट फिल्टरमध्ये टाकलं, आणि लिस्ट जवळजवळ होती तेवढीच राहिली. अर्धा तास माझ्या कोडमध्ये बग शोधला. बग नव्हताच. मेसेजमध्ये शोधणाऱ्या ग्रेप फ्लॅगला दिलेला मजकूर रेगेक्स (जशास तसा शब्द नव्हे, तर शोधायचा नमुना) धरला जातो आणि चौकोनी कंस म्हणजे यातलं कुठलंही एक अक्षर, म्हणजे मी गिटला सांगत होते की एफ, आय किंवा एक्स यातलं काहीही असलेला मेसेज दे. इंग्रजी मेसेजमध्ये आय नाही असं कितीदा होणार? आता फिक्स्ड स्ट्रिंग्स (अक्षरं जशीच्या तशी) हाच डिफॉल्ट ठेवलाय, रेगेक्स हवा असेल त्याने टॅब दाबावा. आणि दोन ग्रेप दिले तर गिट "हा किंवा तो" असं धरतं, दोन्ही शब्द हवे असतील तर ऑल मॅच लावावं लागतं, पण एक ऑथर आणि एक ग्रेप दिला तर दोन्ही जुळायलाच लागतात. पाठ करायचं, झालं.

दुसरा तारखेचा, आणि हा मला खरंच आवडला. "मागच्या आठवड्यापासून" असा फिल्टर लावला तर लिस्टमध्ये तीन महिन्यांपूर्वीची तारीख असलेले ११ कमिट! मी लिस्टमध्ये दाखवत होते ऑथर डेट, म्हणजे कोड मुळात लिहिला तेव्हाची, आणि "पासून"साठीचा सिन्स फ्लॅग बघतो कमिटर डेट, म्हणजे कमिट शेवटचा लिहिला गेला तेव्हाची. ती ब्रांच चार दिवसांपूर्वी रीबेस झालेली (कमिट नव्या पायावर परत लिहिलेले), त्यामुळे कमिटर डेट ताजी आणि ऑथर डेट शिळी. गिट बरोबर, मीही बरोबर, स्क्रीन चूक. आता तारखेचा फिल्टर लागला की तो कॉलम आपोआप कमिटर डेट दाखवतो.

कोडमधला शब्द शोधायला डॅश मोठा एस आणि डॅश मोठा जी हे दोन आहेत, आणि मी कित्येक वर्षं ते एकच समजत होते. टाइमआउटची एक ओळ कधी उडाली ते शोधत होते. एस लावला, दोन कमिट आले: एकात ओळ जन्मली, एकात गेली. जी लावला तर नऊ आले. एस फक्त तो शब्द फाइलमध्ये किती वेळा येतो हा आकडा बदलला का तेवढंच बघतो, त्याच फाइलमध्ये ओळ वरून खाली हलवली तर तो गप्प बसतो. जी डिफमधल्या कमीजास्त झालेल्या ओळींवर रेगेक्स चालवतो, म्हणून हलवाहलवही पकडतो. ओळीची जन्मकुंडली हवी तर एस, सगळी उठाठेव हवी तर जी. मोठ्या रेपोवर दोन्ही मुंगीच्या पावलांनी चालतात कारण प्रत्येक कमिटचा डिफ काढावा लागतो, पाथ सोबत दिला तर बराच फरक पडतो. नुसत्या पाथच्या फिल्टरला कमिट ग्राफ फाइल (गिटची कमिटांची सूची) चेंज्ड पाथ्ससकट, म्हणजे कुठल्या कमिटने कुठले पाथ बदलले या माहितीसकट, लिहून ठेवली तर वेग येतो, ही सोय गिट २.२७ पासून आहे.

आता फसल्याची गोष्ट. बंद करताना शेवटचा फिल्टर सेव्ह करायचं फीचर मीच मोठ्या कौतुकाने घातलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राउझर उघडला तर लिस्टमध्ये सहा कमिट. सहा! पोटात गोळा आला, वाटलं रात्री झोपेत रीबेस करताना सगळं उडवलं, लगेच रिफ्लॉग (ब्रांच कुठून कुठे हलली याची गिटची नोंद) काढला, तिथे सगळं जागेवर, तरी विश्वास बसेना म्हणून एफएससीके (रेपोची तपासणी) चालवला, वीस मिनिटं घामाघूम, आणि मग तळाशी फिकट राखाडी अक्षरात दिसलं, पाथ: टेस्ट्स. त्या दिवशीच सेव्ह करणं काढून टाकलं, आणि फिल्टर चालू असला की वरची अख्खी पट्टी पिवळी होते, "४८१२ पैकी ६" असं ठळक लिहून येतं.

सगळ्यात आवडतं काय असेल तर एस्केप. दाबला की फिल्टर निघतो पण कर्सर त्याच कमिटवर राहतो, लिस्ट त्याच्या आजूबाजूला परत भरते. म्हणजे फिल्टरने शोधायचं आणि सोडून शेजारीपाजारी बघायचे. कमिटचा हॅश (त्याची ओळख) लक्षात ठेवायचा आणि तो परत येईपर्यंत वाचत राहायचं, कोड जेमतेम तीस ओळींचा.

कमिटांची नाती रेघांनी दाखवणारा ग्राफ मात्र अजून रुसलाय. ऑथरने फिल्टर केलं की मधले पेरेंट (ज्यांच्यावर पुढचे उभे ते आधीचे कमिट) गायब होतात आणि रेघा हवेत लटकतात, म्हणून सध्या फिल्टर असताना ग्राफ दाखवतच नाही. लपलेल्या कमिटांवरून तुटक रेघ ओढायचा विचार आहे, कोणी असं काही केलं असेल तर सांगा, मी पुढच्या भागापर्यंत कागदावर ठिपके जोडत बसते.