नेत्रावळीच्या ओहळातला नेचा: दुसरी नोंद

ऑगस्टच्या नोंदीत ज्या नेच्याला (फर्नला) अ‍ॅस्प्लेनियम या प्रजातीतला (जवळच्या जातींच्या गटातला) ठरवून मी मोकळा झालो होतो, तो अ‍ॅस्प्लेनियम नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. तेव्हा दिसली होती ती केवळ वांझ, म्हणजे बीजाणू न धरणारी पर्णे: वीतभर लांबीची, एकदाच विभागलेली आणि प्रत्येक पर्णिकेच्या तळाशी वरच्या अंगाला कानासारखा उंचवटा असलेली. असा कान अ‍ॅस्प्लेनियमच्या काही जातींतही आढळतो. तेवढ्यावर मी घाई केली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी गोव्याच्या सांगे तालुक्यातील नेत्रावळी अभयारण्यात त्याच ओहळाकाठी पुन्हा गेलो. पाणी ओसरले होते, आणि त्याच गड्ड्यांतून लांब देठाची, अरुंद पर्णिकांची निराळीच पर्णे उभी राहिली होती. एक पर्ण न तोडता हलकेच उलटले, तर पर्णिकांची खालची बाजू तपकिरी बीजाणुधान्यांनी (बीजाणूंच्या इवल्या पिशव्यांनी) सलग माखलेली होती. अ‍ॅस्प्लेनियममध्ये बीजाणुधान्या शिरांच्या कडेने रेघांसारख्या पुंजांत असतात आणि त्यांवर पातळ पापुद्रा असतो. येथे रेघही नव्हती आणि पापुद्राही नव्हता. वांझ व जननक्षम पर्णे इतकी भिन्न असणे आणि बीजाणुधान्या अशा पसरलेल्या असणे, ही दोन्ही लक्षणे बोल्बिटिस या प्रजातीकडे नेतात.

जात ठरवताना दहापट भिंग कामी आले. वांझ पर्णिका उजेडासमोर धरल्यावर शिरा एकमेकींना न मिळता सुट्याच कडेपर्यंत जाताना दिसल्या, तर बोल्बिटिसच्या अनेक जातींत त्यांची जाळी होते. शिवाय कडेच्या खाचांमध्ये बारीक दात आहेत. अशा सुट्या शिरांच्या जाती पूर्वी एगेनोल्फिया या वेगळ्या प्रजातीत ठेवल्या जात. यावरून मी बोल्बिटिस अपेंडिक्युलाटा हे नाव नोंदवले आहे.

अधिवासाकडे मात्र मी पहिल्याच भेटीत नीट पाहायला हवे होते. हा नेचा मातीत नव्हे, तर दाट सावलीतल्या शेवाळलेल्या शिळांच्या भेगांत, पावसाळी पाण्याचे तुषार पोहोचतील इतक्या उंचीवर वाढतो. चार पावले दूर, पालापाचोळ्याच्या जमिनीवर एकही रोप नव्हते. काही पर्णांच्या टोकाशी नव्या रोपाची इवलीशी कळी होती, आणि एक टोक तर शिळेला टेकून मूळ धरू लागले होते. त्या टोकाशेजारच्या दगडाचे छायाचित्र मोजपट्टीसह घेऊन ठेवले आहे. मार्चमध्ये ओहळ आटल्यावर तेथे रोप टिकते का, ते पाहायचे आहे.