म्हणजे अजून आहे?

रात्रीचे पावणेतीन झालेत आणि मी स्वयंपाकघरात बसलेय, कारण इथे फ्रीज आहे. फ्रीजची मोटर चालू असली की बरं वाटतं, ती शेवटी खडखडून बंद पडली की मी लगेच घड्याळाकडे बघते आणि परत कधी सुरू होईल त्याची वाट बघत बसते. आत्ता चालू आहे म्हणून लिहायला घेतलंय.

दादाने रविवारी आमच्या खोलीतला पंखा बदलला. झालंय ते एवढंच. बुधवार रात्र आहे आणि मी अजून त्या पंख्यावरच अडकलेय. नाही, पंख्यावर नाही. आज चहाच्या वेळी दादा जे बोलला त्यावर.

रविवारी मी मंडईतून आले तर खोलीत स्टूल, पेपर पसरलेले, आई पलंगावर बसून सूचना देतेय आणि दादा घामाघूम. नवीन पंखा लागलेला, पांढराशुभ्र, रिमोटवाला. दादाने रिमोट दाबला, पाती फिरायला लागली आणि तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ, येतोय का काही आवाज?" काहीच येत नव्हता. बीएलडीसी म्हणे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ७५ वॅटचा जाऊन २८ वॅटचा आला, बिल कमी येईल वगैरे सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "आणि मुख्य म्हणजे त्या जुन्याची घरघर गेली, तुझ्या कानाला नको ती कटकट." मी म्हणाले, छान आहे रे. दुसरं काय म्हणणार, माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने माझ्यासाठी पंखा घेऊन आलाय.

आता त्या जुन्या पंख्याबद्दल. त्याचं एक पातं आई जळमटं काढताना कधीतरी वाकलेलं, त्यामुळे तीनवर ठेवला की एक संथ घरघर आणि तिच्यात दर फेऱ्याला एक मऊ टक्. चारवर ठेवला की टक् जाऊन नुसता वारा. मी तीनवर ठेवायचे. उन्हाळ्यात आई म्हणायची अगं वाढव ना जरा, मी म्हणायचे मला गार लागतं. एप्रिलमध्ये. घाम पुसत. कारण तीनवरच्या त्या आवाजात माझ्या कानात सतत वाजणारी शिट्टी (टिनिटस म्हणतात तिला) बरोब्बर बसायची. बुडायची नाही, बसायची. गर्दीच्या बसमध्ये उभ्या माणसाला कडेला थोडी जागा मिळावी तशी. हे मला वर्षभर प्रयोग करून सापडलं होतं आणि मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

रविवारी रात्री आडवी झाले, दिवा बंद केला, आणि सीं.....

कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी बारीक वाफ सुटते ना, शिट्टी होणार होणार असं वाटतं तो आवाज. पण शिट्टी होत नाही आणि गॅस कुणी बंद करत नाही. उजव्या कानात जास्त. इतक्या दिवसांनी एवढी मोठी ऐकली की मी उठून बसले, छाती धडधडायला लागली, अगदी पहिल्या वर्षासारखी. मला वाटलं होतं तो काळ संपला.

सोमवार तसाच, मंगळवार तसाच. आणि आज चहा पिताना दादाने सहज विचारलं, "काय मग, पंखा कसा आहे?" तर माझ्या तोंडून निघून गेलं, तुला कुणी सांगितलं होतं बदलायला. एवढ्या जोरात की दादाची मनू खेळायची थांबली. मग मला सांगावंच लागलं, की अरे त्या पंख्याच्या आवाजामुळेच मला झोप लागायची, शांतता झाली की शिट्टी वाढते. दादाने कप खाली ठेवला.

"म्हणजे अजून आहे?"

हे शब्द तेव्हापासून डोक्यात फिरतायत. त्याचा चेहरा असा झाला होता की एखाद्याला कळावं आपण ज्याच्या बरं होण्याचे पेढे वाटले तो आजारीच आहे. अजून आहे? हो दादा. चार वर्षं झाली, एक मिनिट सुट्टी न घेता आहे. तू मला हाक मारतोस तेव्हा असते, आरतीत असते, तू पंखा लावून माझ्याकडे हसून बघत होतास तेव्हाही होती.

आधी मला रागच आला. वाटलं, एका घरात असं चालू असतं आणि यांना पत्ताच नाही. पाय मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं, चष्मा लागला असता तर चष्मा दिसला असता. हे कुणाला दिसत नाही, ऐकू येत नाही, मोजता येत नाही. म्हणजे मोजलं होतं एकदा. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी त्या छोट्या बंद खोलीत बसवून आधी श्रवणचाचणी केली, कागदावरची रेघ २००० हर्ट्झपर्यंत सरळ आणि ४००० ला, म्हणजे वरच्या सुरांना, एकदम खड्डा, तिथे मला कमी ऐकू येतं. त्यांनी तो खड्डा बघून विचारलं, मोठ्या आवाजात काम करता का? मी म्हणाले, ताशा वाजवते. मग एकेक सूर ऐकवून माझी शिट्टी कुठल्या सुराशी जुळते ते शोधलं, ती निघाली त्या खड्ड्याच्याच आसपास. आणि मोठी किती? तर त्या सुराला मला जेमतेम ऐकू येतं त्याच्या फक्त ५ डेसिबल वर. फक्त ५! मी तीनदा विचारलं. मला अपमान झाल्यासारखं वाटलं, माझी झोप गेली, सराव गेला, बाकीही काही गेलं (ते इथे नको), आणि मशीन म्हणतं ५. मॅडम म्हणाल्या बहुतेकांचं १० च्या आतच भरतं, त्रास किती होतो ते त्या आकड्यावर नसतं. मेंदूने त्याला धोका समजलं की तो पहारा देत बसतो, आणि पहारेकऱ्याला पान हललं तरी ऐकू येतं.

त्यांनी समजावलेलं मला अजून पाठ आहे. आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार, आणि माणसाच्या मेल्या की परत उगवत नाहीत. माझ्या वरच्या सुरांच्या गेल्या. त्या पट्टीतून मेंदूकडे काही येईना, म्हणून मेंदूने आपलं बटण वाढवलं, रेडिओला स्टेशन लागत नसलं की आपण आवाज मोठा करतो आणि नुसती खरखर मोठी होते तसं. म्हणून शांतता वाईट. शांततेत तो बटण अजून वाढवतो. १९५३ साली अमेरिकेत दोघांनी ऐकू व्यवस्थित येणाऱ्या ८० लोकांना आवाजबंद खोलीत बसवून विचारलं होतं काय ऐकू येतंय, तर ९४ टक्के लोकांनी काही ना काही सांगितलं, कुणी गुणगुण, कुणी शिट्टी. हे मॅडमनी सांगितलं त्या दिवशी मी बसमध्ये रडले. बरं वाटून रडले. म्हणजे त्या खोलीत नेलं तर दादालाही ऐकू येईल.

नंतर साउंड थेरपी. मी ती आधी महिनाभर चुकीचीच केली, इअरफोन घालून धबधब्याचा आवाज फुल, शिट्टी पार गाडून टाकायची. काढला इअरफोन की ती दुप्पट. मॅडम चिडल्याच. म्हणाल्या, जो आवाज तुम्ही ऐकूच देत नाही त्याची मेंदूला सवय कशी होणार? पाऊस लावा, पंखा लावा, काहीही एकसारखं, पण शिट्टीपेक्षा किंचित खाली, दोन्ही ऐकू आले पाहिजेत. इअरफोन नको, खोलीत. आणि ऐकत बसू नका, तो आपला मागे चालू राहू दे. वर्ष-दीड वर्ष लागेल म्हणाल्या. औषध म्हणून हे कुणालाच पटत नाही. गोळी नाही, थेंब नाही, आणि काय तर पंखा.

थेंबांवरून आठवलं. आत्याच्या ओळखीच्या वैद्यांकडेही गेले होते त्या वर्षी. ते तेल देण्याआधी माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातलं सांगत बसले, की भेरी, मृदंग, शंख असे आवाज येतात तो कर्णनाद, आणि बासरीसारखा येतो त्याला वेगळं नाव, कर्णक्ष्वेड. तुझा हा दुसरा, म्हणाले. तेलाने फरक पडला नाही, पण मी त्या दिवशी फार हलकी होऊन घरी आले. हजाराहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी कुणाला तरी एवढं नीट विचारलं होतं की बाबा, ढोलासारखा की बासरीसारखा? घरात मला कुणी असं विचारलं नाही. सगळे विचारायचे, "बरं आहे का?"

आणि इथेच माझी गाडी येऊन थांबते. कारण "बरं आहे का"ला मी काय उत्तर दिलं? बरं आहे. दरवेळी. पहिले सहा महिने मी सगळ्यांना सांगून सांगून भंडावलं होतं, आई तर रात्र रात्र बसलेली असायची, दादा आणखी एका डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागलेला. मग एकदा आई देवासमोर काहीतरी पुटपुटताना मला दिसली आणि मी ठरवलं बास. दुसऱ्या दिवशी दादाने विचारलं तर म्हणाले, कमी झालंय खूप. त्याचा चेहरा असा उजळला. मग ते खोटं मोडायचं कधी? दिवाळीत? मनूच्या वाढदिवसाला? तसंच राहिलं. हळूहळू खरंही व्हायला लागलं, दिवसात तास तास आठवण यायची नाही. शिट्टी तेवढीच होती, मी तिच्याकडे बघत नव्हते. पण ते सगळं त्या वाकड्या पात्यावर उभं होतं, आणि ते दादाला कसं कळणार, मी त्याला कळूच दिलं नाही. त्याने माझ्या कानाची काळजी म्हणून माझं औषध काढून माळ्यावर टाकलं. आणि मी त्याच्यावर ओरडले.

फ्रीज बंद झाला.

झाला सुरू. साडेतीन वाजलेत.

नदीपात्रातले सराव सुरू झालेत. संध्याकाळी वाऱ्याची दिशा असेल तर ढोल इथपर्यंत येतो. ताशा येत नाही, मला तरी येत नाही. पूर्वी मी नुसत्या तर्रीवरून सांगायचे कोण वाजवतंय. त्या वर्षी विसर्जनाला सात तास वाजवलं, कानात कापसाचे बोळे होते सगळ्यांच्या, कापसाने काही होत नाही हे तेव्हा कुणाला माहीत. सकाळी कान घुमत होते, ते दरवर्षीच घुमायचे, दोन दिवसांत जाईल म्हणाले सगळे आणि दरवर्षी जायचंच. पथकातल्या नव्या पोरींना मी मेसेज करते, नीट इअरप्लग घ्या, मेडिकलमध्ये फोमचे मिळतात, ताशावाल्यांनी तर घ्याच. हार्ट येतं त्यावर. घालतात की नाही कोण जाणे. ढोलाचं पुढे कधीतरी लिहीन.

आज मी ओरडल्यावर सगळे गप्प झाले तेव्हा मनू आली, माझा उजवा कान पकडला आणि तिचा कान त्यावर दाबून धरला. घट्ट. तिचे केस माझ्या तोंडात. मिनिटभर तशीच उभी. मग म्हणाली, "आत्या, मला नाही येत गं." एवढं वाईट वाटलं होतं तिला, न आल्याचं. त्या मिनिटभरात मला मात्र शिट्टीची आठवण नव्हती, तिच्या गालाचा बिस्किटाचा वास येत होता.

फोनमध्ये पाऊस आहे, तो आहेच. पण आई शेजारच्या पलंगावर, तिची झोप सावध, म्हणून मी फोन उशीखाली घालते आणि मग तो पाऊस उशीत घुसमटतो. मोठा केला तर तिची झोपमोड. बैठकीत झोपायचं म्हटलं तर का म्हणून विचारणार.

...

हे सकाळी लिहितेय, ऑफिसला निघायच्या आधी. चार वाजता आई स्वयंपाकघरात आली, पाणी प्यायला म्हणून, पण तांब्या तिच्या उशाशीच असतो. माझ्यासमोर बसली. म्हणाली, तो पंखा माळ्यावर आहे, भंगारवाल्याला दिलेला नाही, परत लावायला सांगू का दादाला? मला एकदम नको वाटलं. दादा परत स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने त्याचा पंखा उतरवतोय हे मला बघवणार नाही. आणि ते पातं काय आज ना उद्या जाणारच होतं. म्हणाले नको, राहू दे. पाऊस आहे माझ्याकडे.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, "आत्ता येतोय का?"

हो म्हणाले.

"कसा येतो?"

मी सांगितलं. कुकरचं सांगितलं, उजव्या कानाचं सांगितलं, फ्रीज बंद झाला की काय होतं तेही. तिने काही म्हटलं नाही, हं हं करत राहिली. खोलीत येऊन आम्ही आडव्या झालो, मी सवयीने फोन उशीखाली सरकवला तर म्हणाली, "तो बाहेर ठेव की. मधल्या टेबलावर ठेव. आणि जरा मोठा कर, मलाही ऐकू येऊ दे कसला पाऊस आहे."