आमची वाटचाल : उधारीच्या वहीतून बाहेर

आमचा व्यवसाय कोकमाचा. वेंगुर्ले तालुक्यात, घरामागच्या मांगरात, म्हणजे शेतीकामाच्या छोट्या घरात, सासूबाईंनी तो सुरू केला. आता मी आणि माझा पुतण्या बघतो. आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला, बिनसाखरेचा रस), सरबताचं सिरप आणि मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल), एवढाच माल. ‘आजकालच्या पोरांना काम नको, पैसे मात्र उडवायला हवेत’ हे वाक्य लग्नाच्या मांडवापासून एसटीपर्यंत सगळीकडे कानावर पडतं. मला ते अजिबात पटत नाही. आमचा धंदा आज उभा आहे तो याच पोरांमुळे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी जुनी पद्धत सांगते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात. झाडावरून काढून आणणाऱ्या बायकांना पैसे त्याच दिवशी रोख द्यायचे. फळ फोडून बी आणि गर वेगळा करायचा, साल मिठाच्या रसात बुडवून उन्हात घालायची, सुकली की पुन्हा रसात. अशी पुटं चढत गेली की आमसूल काळंभोर होतं आणि बोटांत दाबलं तर मोडत नाही, वाकतं. हे सगळं पावसाच्या आत उरकायचं. मग माल व्यापाऱ्यांकडे जायचा, तो उधारीवर. पैसे गणपतीनंतर, कधी दिवाळीला, कधी थेट पुढच्या हंगामाच्या तोंडावर. तोवर सासूबाईंच्या पाटल्या पतपेढीत गहाण. व्यापारी वाईट होते असं नाही, त्यांचेही पैसे पुढे अडकलेले असायचे. पण ही उधारी शेवटी येऊन थांबायची ती आमच्या कामगारांवर. व्यापाऱ्याने दिले की पगार, नाहीतर श्रावणात थोडी उचल. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी पिशव्या भरभरून आमसुलं न्यायचे, तेवढाच काय तो हातात पैसा.

पुतण्या २०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून आला आणि राहिला. यूपीआय देशात २०१६ साली आलं असलं तरी आमच्या गावात ते खऱ्या अर्थाने रुळलं या काळात. पुटं कशी देतात याचे छोटे व्हिडिओ तो टाकू लागला. व्हॉट्सॲपवर पुण्या-बंगळुरूहून विचारणा येऊ लागली. विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले. पाच किलो कोणी मागत नाही, पाव किलो मागतात, पण बारा महिने मागतात. आणि पैसे आधी पाठवतात. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी दोनदा विचारलं, “माल घरात आसा आणि पैसे इले?”

या एका गोष्टीने आमचं सगळं गणित फिरलं. पाटल्या आता घरीच असतात.

हे गिऱ्हाईक प्रश्न फार विचारतं आणि मला ते आवडतं. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे आमच्या सिरपवर पहिला शब्द साखर. मुलं तो वाचतात आणि बिनसाखरेचं काय आहे ते विचारतात. त्यामुळे पूर्वी गावापुरतं राहिलेलं आगळ आता सिरपच्या बरोबरीने जातं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दलही मुलंच विचारतात. मुठेलाची तर तऱ्हाच वेगळी. पायाच्या भेगांना लावायची ही पिवळट वडी आमच्या पिढीने फळीवर टाकून दिली होती. आज शहरातल्या मुली ती ओठांना, हातांना लावायला मागवतात आणि नेहमीच्या क्रीमपेक्षा जास्त पैसे आनंदाने मोजतात. याला उधळपट्टी कशी म्हणायची? ज्या बिया आम्ही उकिरड्यावर टाकत होतो त्यांना किंमत आली.

कामाचंही असंच. आमच्याकडची मुलं पूर्वी मुंबईला जायची, आता जवळ गोवा आहे. जानेवारी २०२३ मध्ये उत्तर गोव्यातला मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर तर सकाळी उठून दुचाकीवरून नोकरीला जाणारी कितीतरी पोरं दिसू लागली. माणसं मिळेनात तेव्हा गावातलीच एक बी.कॉम. झालेली मुलगी कामाला आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, “काकी, पगार थोडो कमी आसलो तरी चलात, पण सात तारीख म्हणजे सातच होयी.” पैसे आधी येत असल्यामुळे हे आम्हाला जमलं. सात तारीख आजवर चुकलेली नाही. नंतर तिने भविष्य निर्वाह निधीचं काढलं. वीसपेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी तो सक्तीचा नसतो, पण स्वेच्छेने घेता येतो. आम्ही घेतला. त्यानंतर गोव्याला जाणारे दोघेजण आपणहून विचारत आले.

त्या मुलीचं पासबुक तिनेच एकदा मला दाखवलं. पगार ७ ला, ५०० रुपयांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता, १० ला, दर महिन्याला. माझ्या पिढीने पैसा सोन्यात घातला किंवा जमिनीत, आणि त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर भाऊबंदांची इतकी नावं की तिचं पुढे काही करता येत नाही. या मुलीकडे तिच्या एकटीच्या नावावर काहीतरी साठतंय. आईने मात्र “सोन्याचा एक मणी नाय घेतलंन” म्हणून धोशा लावलाय. मुलांची हप्त्यावर घेतलेली दुचाकी आणि महागडा फोन याची मला काळजी वाटते. तीन-तीन हप्ते एका पगारावर ओढणारी मुलंही मी पाहते आहे, आणि त्यांना तसं बोलूनही दाखवते.

वाळवणाच्या यंत्राचा आग्रह पुतण्याचा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची जी योजना २०२० मध्ये आली तिच्यात कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान होतं. त्यातून ते घेतलं. २०२५ साली मान्सून २५ मेलाच सिंधुदुर्गात उतरला. झाडावरची फळं गेली ती गेलीच, पण फोडून ठेवलेली सालं यंत्रात वाचली. नुसत्या अंगणावर असतो तर बुरशी धरली असती.

सगळंच सुटलंय असं नाही. नवं गिऱ्हाईक पटकन येतं तसं पटकन दुसरीकडे वळतं. कुरियरचा खर्च पाव किलोच्या पाकिटाला फार जड जातो. आणि मोठा प्रश्न रातांबे काढण्याचा. उंच झाडांवरून फळ काढणाऱ्या बायका आता साठीच्या घरात आहेत. नवी मुलं झाडावर चढायला तयार नाहीत, आणि विम्याशिवाय त्यांनी चढावं असं मलाही वाटत नाही.

म्हणून वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात लावली आहे, कलमं करून. बियांपासूनच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. कलमात तो धोका नाही, झाड आटोपशीर राहतं आणि फळ पावसाआधी हाती येतं. तोवर जुन्या झाडांवरच भागवायचं आहे. काढणाऱ्यांचा गट विमा या हंगामापासून आम्ही भरणार आहोत, आणि किलोचा दर मार्चमध्येच मांगराच्या दारावर लिहून लावायचा असं त्या मुलीने आणि पुतण्याने मिळून ठरवलं आहे. गटात चढणारे कोण आणि खालून आकडीच्या काठीने फळ काढणारे कोण, याची यादी ती आता करते आहे.